कौलं परतायच्या आधी

गारगोटीहून पाटगावची एसटी
आम्हाला फाट्यावर उतरवून पुढं गेली.
तिच्या धुरळ्यात आम्ही दोघं.
ह्यांच्या खांद्याला जोंधळ्याच्या पिठाची पिशवी,
माझ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं
काचेचं एक कौल,
लक्ष्मीपुरीपासून मांडीवर तान्ह्यासारखं धरलेलं.

वैशाख सरत आलाय.
घर दोन खणांचं, पुढं पडवी,
आधीच्या कुणी लावलेली काव
भिंतीला टेकलं की अजून पाठीला लागते.
कुलपात मुंग्यांनी संसार मांडलेला.
फुंकर मारली, गेल्या नाहीत.
मग पायरीवर बसून राहिलो.
घाई कुणाला होती?

वेदगंगा आता गुडघ्याएवढी,
डोह तेवढा काळा, गार.
त्यात ह्यांनी पाय सोडले,
आणि पस्तीस वर्षं साखर कारखान्याच्या काट्यावर
उसाच्या गाड्या तोलून लिहिलेला माणूस
एकदम ओरडला,
'अगं, मासे चावतायत!'
मी कधी ऐकला नव्हता हा आवाज.

करवंदं संपत आलीत.
हात खरवडून जाळीत घातला
तर एखादं सापडतं, काळं, उतरलेलं,
जिभेवर जरा चढणारं.
रत्नाक्का बांधावरनं म्हणाली,
'शेवटची हाईत म्हणून ग्वाड लागत्यात, वैनी.
चैतात ह्याच जाळीला तोंड वाकडं केलंसा.'
खरं होतं. केलं होतं.

तिसऱ्या दिवशी आण्णाप्पा आला,
बिडी कानावर, शिडी खांद्यावर.
'मिरगाआदी परतून घ्या,
न्हाईतर रातभर भांडी मांडत बसशिला.'
दुपारपर्यंत निम्मं छप्पर उतरलं.
कौलं अंगणात ओळीनं उताणी,
त्यांच्यामागं वाशांवर साठलेला वर्षभराचा पाचोळा,
विंचवाची कात,
आणि एक रबरी चेंडू, उन्हानं भेगाळलेला.
आमच्या आधी इथं मूल असणार.
तेवढ्यात कुणीतरी आण्णाप्पाला बोलवायला आलं,
मेव्हण्याकडं बारसं निघालं म्हणे.
शिडी तशीच टेकवून तो गेला,
'उद्या येतो की!'

उद्या म्हणजे इकडं परवा.

म्हणून त्या रात्री अंथरुणावर
वाशांच्या चौकटीतून आभाळ उतरलं,
लाकडाचा, सुक्या गवताचा,
कुठंतरी फुटलेल्या फणसाचा वास घेऊन.
परसातल्या बेहड्यावर आधी एक काजवा.
मग झाडच्या झाड उघडलं, मिटलं, उघडलं,
आणि त्यातले काही, वाट चुकावी तसे, घरात आले.
एक मच्छरदाणीच्या दोरीवर,
एक माझ्या चष्म्याच्या डबीवर.
ह्यांनी सवयीनं मोजायला घेतलं,
चौदा, पंधरा, सोळा...
मग सोडून दिलं.
अंधारात बऱ्याच वेळानं विचारलं,
'एकाचं वजन किती भरेल?'
'शून्य धरा.'
'शून्य नसतं गं कशाचंच.
काटा हलत नाही, एवढंच.'

परवा आण्णाप्पा आला, बारशाचे पेढे घेऊन.
आम्ही दोघंही जरा हिरमुसलो,
पण ते एकमेकांना सांगितलं नाही.
काचेचं कौल चुलीवर बसवतात, तो म्हणाला,
भाकरी करताना उजेड पडतो.
आम्ही म्हटलं, अंथरुणावर बसव.
तो हसला. शहरातल्या माणसांना हसतात तसं.
चेंडू मी पदरानं पुसला
आणि त्याच्या हातात दिला,
'होता तिथंच ठेव. आढ्याजवळ.'
ह्याला मात्र तो हसला नाही.

एसटी चारची.
जांभळं अजून लालच आहेत,
ती आमच्या वाट्याची नाहीत, पाखरांची.
पिशवी भरली, चूल सारवली,
कुलूप शोधत आत आले
तर काचेतून उन्हाचा एक तुकडा
गुंडाळलेल्या वळकटीशेजारी पडलेला,
भाकरीएवढा.
मांजर नाही आपल्याकडं,
म्हणून मीच जाऊन त्यात बसले.
बाहेरून ह्यांची हाक आली,
दोनदा.